ई-स्पोर्ट्समध्ये काही देशांचे खेळाडू इतरांपेक्षा इतके सरस का ठरतात?

निनाद_पार्ले (धागाकर्ता)

व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धा, म्हणजे ई-स्पोर्ट्स, मी अनेक वर्षे बारकाईने पाहत आलो आहे आणि एका प्रश्नावर येथील जाणकारांची मते हवी आहेत. लीग ऑफ लेजंड्स या पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या गेमची जागतिक स्पर्धा २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षे कोरियन संघांनीच जिंकली आणि ‘फेकर’ या नावाने ओळखला जाणारा ली सांग-ह्योक २०२५ पर्यंत सहा वेळा विश्वविजेता झाला. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये आधी स्वीडनचा आणि पुढे डेन्मार्कचा दबदबा राहिला. ॲस्ट्रालिस या डॅनिश संघाने २०१७ ते २०१९ या काळात चार मेजर, म्हणजे या गेमच्या सर्वांत मोठ्या, स्पर्धा जिंकल्या. मोबाइल लेजंड्स या फोनवरच्या गेममध्ये एम-२ ते एम-६ या पाचही विश्वस्पर्धा फिलिपिन्सच्या संघांनी जिंकल्या.

क्रिकेटमध्ये देश बदलला की खेळपट्टी बदलते, हवा बदलते, चेंडूही बदलतो. येथे मात्र नकाशा, शस्त्रे आणि नियम जगभर तेच असतात, माउस आणि कीबोर्डही त्याच कंपन्यांचे असतात, आणि तरीही देशागणिक पातळी इतकी वेगळी दिसते. माझे मत असे की आपण मागे आहोत याचे कारण पैसा आणि सर्व्हर हे आहे. या दोन्ही गोष्टी आता हळूहळू येत आहेत, त्यामुळे काही वर्षांत हे अंतर आपोआप भरून निघेल. हे कोणाला पटते, कोणाला पटत नाही, आणि का, हे सविस्तर वाचायला आवडेल.

मल्हार_डोंबिवली

सर्व्हरचा मुद्दा पूर्णपणे मान्य. ज्यांनी हा त्रास भोगलेला नाही त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली आहे असे धरले, तरी जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद केवळ निसर्गनियमाने खर्च होतात. केबल प्रत्यक्षात वळणावळणाने जाते आणि वाटेत यंत्रणाही असतात, त्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, त्याच्या दीडपट-दुपटीला सहज पोहोचतो. माणसाला डोळ्यांनी पाहून बटण दाबायला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यात आणखी ६०-७० मिलिसेकंदांची भर पडणे म्हणजे प्रत्येक समोरासमोरच्या चकमकीत एक पाऊल मागे राहून सुरुवात करणे.

याहून वाईट परिणाम सवयींवर होतो. जास्त पिंगवर कोपरा धरून उभे राहिले, तर समोरचा आधी बाहेर येऊन आपल्याला मारून जातो. त्यामुळे आमची पिढी कोपरा धरायला शिकलीच नाही. सतत स्वतः पुढे घुसायचे, एवढे एकच अंगवळणी पडले. हीच मुले परदेशात लॅनवर, म्हणजे एकाच जागी थेट जोडलेल्या यंत्रांवर, बसली की तीच सवय त्यांना नडते. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमचा मुंबई सर्व्हर २०२० मध्ये आला, ही माझ्या मते कोणत्याही बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठी घटना होती.

कॅफेवाले_काका

मी ठाण्यात अनेक वर्षे गेमिंग कॅफे चालवला. लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणून यंत्रे जोडली आणि काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळापासून मुलांना खेळताना पाहिले, त्यामुळे सर्व्हरच्या मुद्द्यावर माझे वेगळे मत नोंदवतो.

कॅफेत पिंगचा प्रश्नच नव्हता. सगळी यंत्रे एकाच खोलीत, एकाच स्विचला जोडलेली असत. सर्व्हर हेच मुख्य कारण असते, तर लॅनवर वाढलेल्या त्या मुलांची पातळी जगाच्या बरोबरीची व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही आणि त्याचे कारण माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. पाच मुलांचा एक संघ चांगला झाला की तोच संघ सतत जिंके. बाकीची मुले त्यांच्याविरुद्ध खेळायला नाखूश असत, कारण तासाचे पैसे भरून हरायचे कोणाला हवे असते? मग ती पाच मुले आपापसात किंवा नवख्यांशी खेळत. त्यांच्या चुका पकडणारा कोणी नसल्यामुळे त्या चुका पक्क्या होत गेल्या. पुण्याचा किंवा बंगळूरचा संघ एखाद्या महाविद्यालयाच्या महोत्सवात समोर आला, तरच खरी कसोटी लागे, आणि असे महोत्सव वर्षातून दोन-चार वेळा येत.

शलाका_माटुंगा

काकांच्या मुद्द्याला कोरियाच्या उदाहरणाने दुजोरा देते. १९९७ च्या आर्थिक संकटात तेथे अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांतील बऱ्याच जणांनी पीसी बांग, म्हणजे तासावर संगणक देणारी दुकाने, उघडली. त्याच सुमारास सरकारने ब्रॉडबँडचे जाळे वेगाने पसरवले आणि १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा गेम बाजारात आला. काही वर्षांतच या दुकानांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. २००० मध्ये केवळ गेमना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक आले होते असे सांगितले जाते. शाळा सुटल्यावर प्रत्येक गल्लीत आपल्याहून थोडा चांगला खेळणारा कोणीतरी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे, ही परिस्थिती एका पूर्ण पिढीला मिळाली.

पण मूळ प्रश्नातील ‘देशाचे कौशल्य’ ही कल्पना मला तपासून घ्यावीशी वाटते. याच कोरियाला काउंटर-स्ट्राइकमध्ये जगावर कधी राज्य करता आलेले नाही, कारण तेथील मुले त्या काळात सडन अटॅक हा वेगळा नेमबाजीचा गेम खेळत होती. जपानकडे आर्केडची, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांची, थोर परंपरा असल्यामुळे स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेममध्ये तेथून दिग्गज निघाले, पण लीग ऑफ लेजंड्समध्ये जपान अनेक वर्षे मागेच राहिला. बोटे तीच, शिस्त तीच, इंटरनेटही उत्तम. तरीही गेम बदलला की देशाची जागा बदलते. याचा अर्थ असा की कौशल्य त्या विशिष्ट गेमभोवती जमलेल्या माणसांच्या वस्तीत असते.

ईशान_वाशी

शलाकाताईंचे शेवटचे वाक्य मला अत्यंत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा सर्वांत सबळ पुरावा आपल्या शेजारी आहे.

लाहोरचा अर्सलान ॲश हा टेकन-७ या मारामारीच्या गेमचा खेळाडू. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हिसा आणि विमानप्रवासाच्या मोठ्या अडचणींतून वाट काढत तो जपानमधील इव्हो स्पर्धेला पोहोचला आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना ती जिंकला. लोकांना वाटले हा योगायोग असावा. त्याच वर्षी लास व्हेगासच्या इव्होमध्ये त्याने कोरियाच्या नी या दिग्गजाला अंतिम फेरीत हरवले. तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितले की पाकिस्तानात त्याच्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. अनेकांना ती नम्रता वाटली. पुढे त्याच देशाच्या आतिफ बटने टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकली आणि ते विधान शब्दशः खरे होते हे सिद्ध झाले.

आता धागाकर्त्यांच्या दोन कारणांशी हे ताडून पाहा. पैसा? तेव्हा त्यांच्याकडे नावालाही नव्हता. सर्व्हर? हा समोरासमोर बसून खेळायचा गेम आहे. त्यांच्याकडे होते ते लाहोरमधील आर्केड, जेथे हरणारा उठतो, पुन्हा पैसे भरतो आणि रांगेच्या शेवटी जातो, आणि जिंकणारा बसून राहतो. या एका नियमामुळे सर्वांत चांगल्या खेळाडूला दिवसभर नवा प्रतिस्पर्धी मिळतो आणि कच्च्या खेळाडूला दिवसभर सर्वांत चांगल्याकडून शिकायला मिळते. मी स्वतः नवी मुंबईत टेकन खेळतो. आमच्याकडे उत्तम कन्सोल आहेत, मोठे पडदे आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या घरात बंद दाराआड खेळतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही भेटतो. लाहोर आणि वाशी यांच्यातील फरक मला एवढाच दिसतो, आणि तो फार मोठा आहे.

प्रमथ_बोरिवली

ईशान, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याला अपवाद आहे. फिनलंडचा सेरल म्हणजे योना सोटाला. २०१८ मध्ये स्टारक्राफ्ट-२ ची जागतिक अंतिम स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगर-कोरियन खेळाडू ठरला, आणि त्यासाठी तो सोलच्या एखाद्या संघनिवासात राहायला गेला नव्हता. आजूबाजूला वस्ती नसतानाही माणूस शिखर गाठू शकतो, हे यावरून दिसत नाही का?

मल्हार_डोंबिवली

प्रमथ, सेरल युरोपच्या सर्व्हरवर उत्तम प्रतिस्पर्ध्यांशी रोज खेळत होता आणि त्याच्या घरी पिंगचा प्रश्न नव्हता. ऑनलाइन वस्ती हीसुद्धा वस्तीच आहे. शिवाय तो एकट्याचा खेळ आहे. पाच जणांच्या संघाला हा मार्ग मोकळा नाही.

शलाका_माटुंगा

मल्हार यांच्या शेवटच्या वाक्यावरून भारताबद्दलची एक गोष्ट लक्षात येते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता आणि त्यात भुजच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले. गेम कोणता होता? हार्थस्टोन, म्हणजे पत्त्यांचा, पाळीपाळीने खेळायचा गेम. त्यात पिंगने काही बिघडत नाही, संघ लागत नाही, महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि भुजमध्ये बसून जगातल्या कोणाही श्रेष्ठ खेळाडूशी रात्रभर खेळता येते. ज्या गेममध्ये अंतराचा अडसर नव्हता, त्यात आपल्या एकट्या खेळाडूने पदक आणले. याउलट २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेआधी आपल्या लीग ऑफ लेजंड्स संघाने मध्य आणि दक्षिण आशियाच्या गटातील सर्व सामने जिंकले, आणि मुख्य स्पर्धेत व्हिएतनामकडून ०-२ असा हरून तो बाहेर पडला. आपल्या गटात जिंकून त्यांना जे शिकायला मिळाले नाही, ते व्हिएतनामच्या संघाला आपल्या घरच्या लीगमध्ये दर आठवड्याला शिकायला मिळत होते.

वसुधा_दादर

मी हा खेळ खेळत नाही, पण माझा मुलगा अकरावीत आहे आणि त्याला हेच करायचे आहे, म्हणून हा धागा मी काळजीपूर्वक वाचते आहे. आपण सगळे प्रतिस्पर्ध्यांबद्दल बोलत आहात. माझा प्रश्न साधा आहे. त्या देशांतील आईवडील मुलांना इतका वेळ खेळू कसे देतात? आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो रात्री बोलत खेळतो तेव्हा त्याच्या आजीची झोप मोडते, आणि बारावीचे वर्ष तोंडावर आहे. त्याच्यात खरोखर गुण आहेत की ही केवळ आवड आहे, हे मी कसे ओळखावे?

अद्वैत_परळ

वसुधाताई, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे, आणि येथे माझ्याहून अनुभवी लोक ते देतील. मी मोबाइलच्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यात आतापर्यंत संगणकाचीच चर्चा झाली आहे आणि भारतातील बहुसंख्य मुले फोनवर खेळतात.

मोबाइलवर खेळणारा देश म्हणून आपण मागे, असे काही जण म्हणतात. फिलिपिन्सने ते खोटे ठरवले आहे. तेथे पूर्वीपासून पिसोनेट नावाची दुकाने आहेत, जेथे एका पेसोच्या नाण्यावर काही मिनिटे संगणक मिळतो. स्पर्धेची ती सवय पुढे फोनवर आली. आपल्याकडेही तशीच लाट उठली होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पबजी मोबाइल आला, आणि परळच्या चाळीतल्या मुलापासून मणिपूरच्या मुलापर्यंत सगळे एकाच लॉबीत खेळू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये ऑरेंज रॉक हा भारतीय संघ पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात इंडोनेशियाच्या बिगेट्रॉनपाठोपाठ दुसरा आला. आम्ही तो सामना श्वास रोखून पाहिला. आणि २ सप्टेंबर २०२० ला त्या गेमवर बंदी आली.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, आला, जुलै २०२२ मध्ये तो ॲप स्टोअरमधून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. मोबाइल लेजंड्स तर जून २०२० मध्येच गेला होता आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. बंदीची सुरक्षेची कारणे सरकारकडे असतील, त्यात मी जात नाही. पण खेळाडूचे सर्वांत कसदार वय सतरा ते बावीस असते, आणि त्या वयात दोनदा मैदानच बंद झाले तर संघ मोडतो, टी-वन स्क्रिम, म्हणजे वरच्या दर्जाच्या संघांतील सराव सामने, बंद पडतात, आयजीएल, म्हणजे सामन्यात डावपेच ठरवणारा खेळाडू, कॉल सेंटरमध्ये नोकरी धरतो. आमच्या संघाचे नेमके हेच झाले. कौशल्याला सातत्य लागते आणि ते आम्हाला मिळाले नाही, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

रेणुका_मुलुंड

आणखी एक अडथळा कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. मी रँक गेममध्ये माइक चालू केला की पहिल्या फेरीपासून शेरेबाजी सुरू होते, म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणी माइक बंद ठेवून खेळतो. संघाच्या गेममध्ये न बोलता वर जाणे जवळजवळ अशक्य असते. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीने २०२१ पासून महिलांसाठी गेम चेंजर्स ही स्पर्धांची मालिका सुरू केली हे चांगलेच आहे, पण रोजच्या सरावात आम्हाला बाहेर ठेवले, तर प्रतिस्पर्ध्यांची संख्या सगळ्यांसाठीच घटते.

कॅफेवाले_काका

रेणुका, हे वाचून वाईट वाटले. आमच्या कॅफेत असे बोलणाऱ्याला मी त्याच क्षणी उठवत असे. ऑनलाइन खेळात उठवणारा कोणी नसतो.

दत्तप्रसाद_शिवाजीपार्क

ई-स्पोर्ट्समधले मला फारसे कळत नाही, मात्र क्रिकेटमधले थोडे कळते, आणि वर जे वाचले ते मला अगदी ओळखीचे वाटले. मुंबईने रणजी करंडक २०२४ पर्यंत ४२ वेळा जिंकला. मुंबईच्या हवेत काही विशेष आहे म्हणून हे झाले नाही. एकाच मैदानावर एकमेकांत मिसळलेले अनेक सामने, शालेय स्पर्धा, कार्यालयांचे संघ, आणि १९४८ पासून पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर होणारी कांगा लीग, यांमुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रणजी खेळलेला गोलंदाज रविवारी समोर मिळत असे. खडूस फलंदाज असा तयार होतो. निनादराव, तुम्ही खेळपट्टी सगळीकडे सारखी असल्याचे लिहिले आहे. पण समोरचा गोलंदाज सारखा नसतो.

प्रमथ_बोरिवली

दत्तप्रसाद काका, तुलना सुंदर आहे, पण मुंबईला तिची प्रचंड लोकसंख्याही मिळाली होती. ई-स्पोर्ट्समध्ये लोकसंख्येचा हिशेब चालत नाही. मंगोलियाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे मुंबईच्या एक तृतीयांशाहून कमी. तेथील द मंगोल्झ हा संघ जून २०२५ मध्ये ऑस्टिनच्या काउंटर-स्ट्राइक मेजरच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे व्हायटॅलिटीकडून हरला. आपला एकही संघ त्या टप्प्याच्या जवळपास गेलेला नाही.

ईशान_वाशी

प्रमथ, मंगोलियाची जवळपास निम्मी लोकसंख्या उलानबातर या एकाच शहरात राहते, हिवाळा कडक असतो आणि तरुण मुले संगणक कॅफेत जमतात. देश लहान आहे, पण त्यांची वस्ती दाट आहे. आपला देश मोठा आणि वस्ती विरळ आहे, कारण आपले चांगले खेळाडू वीस शहरांत आणि दहा गेममध्ये विखुरलेले आहेत. तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पुढे जातो आहे.

निनाद_पार्ले (धागाकर्ता)

चर्चा फार उत्तम चालली आहे, सर्वांचे आभार. आता मी प्रश्न अधिक नेमका करतो. मुंबई सर्व्हर येऊन अनेक वर्षे झाली. ग्लोबल ई-स्पोर्ट्स या मुंबईच्या संघाला २०२३ पासून व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये कायमची जागा आहे, म्हणजे कोरिया, जपान, इंडोनेशिया यांच्या संघांशी नियमित खेळायला मिळते. त्याच संघातून २०२३ मध्ये खेळलेला कोरियन खेळाडू टेक्स्चर पुढच्या वर्षी जेन.जी या कोरियन संघात गेला आणि त्या संघाने २०२४ ची शांघाय मास्टर्स जिंकली. चीनमध्ये तर हा गेम अधिकृतपणे २०२३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी चीनचा ईडीजी संघ सोलमध्ये विश्वविजेता झाला. सर्व्हर आहे, लीग आहे, पैसाही आहे. मग आपल्याकडे नेमके काय कमी पडते? ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सौमित्र_अंधेरी

मी काही काळ एका भारतीय संघाचा अ‍ॅनालिस्ट होतो. संघाचे नाव लिहीत नाही, पण जे पाहिले ते शक्य तितके तपशिलात लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे एम, म्हणजे नेम. आपल्या चांगल्या मुलांचा नेम कोरियन मुलांपेक्षा फारसा कमी नाही. आग्नेय आशियातील संघांशी आम्ही स्क्रिम खेळायचो तेव्हा समोरासमोरच्या चकमकी आम्ही बऱ्याचदा जिंकायचो आणि तरीही नकाशा, म्हणजे तो डाव, हरायचो. फरक त्या चकमकीच्या आधीच्या दहा सेकंदांत असे. समोरचा संघ धुराचा गोळा टाकायचा, त्यानंतर नेमक्या क्षणी डोळे दिपवणारा फ्लॅश यायचा, दुसरा खेळाडू नेमका त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आवाज करायचा. आमच्याकडे तोच धूर, तोच फ्लॅश असायचा, पण दोघांत दोन सेकंदांचे अंतर पडायचे. हे अंतर पाच जणांनी एकत्र बसून, त्याच परिस्थितीची पुनःपुन्हा उजळणी केल्यानेच मिटते.

दुसरी गोष्ट सामन्यानंतरची. कोरियन संघाच्या कोचबरोबर एकदा संयुक्त चर्चा झाली होती. हरलेल्या फेरीचे रेकॉर्डिंग थांबवून त्याने आपल्या खेळाडूला विचारले, “या क्षणी तुला काय माहीत होते?” त्याने निकालाबद्दल काही विचारले नाही. खेळाडूने शांतपणे सांगितले की त्याला अमुक माहिती होती आणि त्यावरून त्याने चुकीचा अंदाज बांधला. आमच्या बैठकीत तोच प्रश्न विचारला की उत्तर यायचे, “याने कॉल दिला नाही,” किंवा “माझा फोकस नव्हता.” वयाने मोठा किंवा जास्त फॉलोअर असलेला खेळाडू असेल, तर त्याची चूक कोणी दाखवतच नसे. आमच्यातले काही खेळाडू स्ट्रीमिंगवर स्पर्धेपेक्षा जास्त कमावत होते, त्यामुळे चूक मान्य करणे त्यांना लोकांसमोर कमीपणाचे वाटे. ॲस्ट्रालिसने आपल्या चढत्या काळात मिया स्टेलबर्ग या क्रीडा-मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली होती. मोठ्या क्षणी ढासळणारा संघ अशी त्यांची ओळख होती आणि ती त्यांनी प्रयत्नपूर्वक पुसली. आपल्याकडे हा खर्च अजूनही चैन समजला जातो.

निनादराव, एका संघाला वरच्या लीगमध्ये जागा मिळाली, तरी त्याच्या खालच्या पायऱ्या मोकळ्याच राहतात. त्या संघाची जागा हिसकावू पाहणारे भारतातील पुढचे दहा संघ आठवड्यातून पाच दिवस चांगल्या दर्जाचे स्क्रिम खेळत नाहीत, तोवर वरच्या संघातील भारतीय खेळाडूवर दडपण येत नाही आणि मग संघमालक परदेशी खेळाडू आणतो, हे स्वाभाविक आहे. चीनचे उदाहरण तुम्ही दिले, पण तेथील खेळाडू अधिकृत आगमनाच्या आधीपासून बाहेरच्या सर्व्हरवर खेळत होते आणि इतर गेममधून आलेले कोच, संघनिवास आणि क्लब आधीच तयार होते.

वसुधाताई, तुमच्या प्रश्नाकडे वळतो. त्या देशांतही पालक चिंतेत असतात. कोरियात २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद होते. तो कायदा दहा वर्षांनी मागे घेतला गेला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. तरीही हे दोन्ही देश वर आहेत, म्हणजे रात्र-रात्र जागणे हे यशाचे गमक नव्हे. मुलाला तीन प्रश्न विचारा. त्याची रँक देशातील पहिल्या काही शेकड्यांत आहे का? हरल्यावर तो स्वतःचे रेकॉर्डिंग पाहतो का? आणि त्याच्याहून चांगल्या चार मुलांनी त्याला आपल्या संघात बोलावले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत खरे असते. उत्तर ‘नाही’ असेल, तर बारावी करताना दिवसाचे दोन तास खेळणे पुरेसे आहे. त्याने काही हुकणार नाही.

वसुधा_दादर

सौमित्र, इतके स्पष्ट उत्तर मला आजवर कोणी दिले नव्हते. हे तीन प्रश्न मी त्याला आज जेवताना विचारणार आहे. पैसे लावून खेळायच्या गेमबद्दलही भीती वाटते. हे दोन्ही एकच आहे, असे आमच्या नातेवाइकांचे मत आहे.

अद्वैत_परळ

वसुधाताई, ते वेगळे आहे आणि आता कायद्यानेही वेगळे मानले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून वेगळी मान्यता दिली. नातेवाइकांना हे जरूर सांगा.

कॅफेवाले_काका

सौमित्र यांनी लिहिलेली खालची पायरी आपल्यासारख्या लोकांनाच बांधावी लागेल असे मला वाटते. माझ्या भाच्याचा ठाणे स्टेशनजवळ वीस यंत्रांचा कॅफे आहे आणि रविवारी सकाळी तो जवळजवळ रिकामा असतो. ईशान यांनी लिहिलेला लाहोरचा नियम तेथे लावू या. हरणारा संघ उठेल, जिंकणारा बसून राहील. उठलेल्या संघाने लगेच शेजारच्या यंत्रावर आपल्या हरलेल्या फेऱ्या पाहायच्या आणि सौमित्र तयार असतील, तर त्यांनी तोच एक प्रश्न विचारायचा. हरणाऱ्या संघाकडून त्या वेळचे पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे चांगल्या संघाशी खेळायला कोणी कचरणार नाही. शेरेबाजी करणारा त्या दिवसापुरता बाहेर जाईल. रेणुका, तुम्ही मैत्रिणींसह संघ आणावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुणे आणि नाशिकच्या संघांनाही कळवतो.

सौमित्र_अंधेरी

मी येईन. प्रत्येक संघाने आधीच्या आठवड्यातील आपल्या दोन हरलेल्या सामन्यांचे रेकॉर्डिंग सोबत आणावे, जिंकलेले नको.

रेणुका_मुलुंड

आमचा संघ नक्की. चार जणी आहोत, पाचवी शोधते आहे. ठाणे-मुलुंड भागातील कोणी असल्यास येथेच कळवावे.

मल्हार_डोंबिवली

काका, एक विनंती. रविवारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, आणि कल्याण-डोंबिवलीच्या तीन संघांना वेळेवर पोहोचता येणार नाही. शनिवारी दुपारी चारनंतर यंत्रे मिळू शकतील का?